पश्चात्ताप (ख्रिस्ती धर्म)

पश्चात्ताप ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना आहे. आपल्या हातून घडलेले पाप ओळखणे, त्याबद्दल मनापासून दुःख होणे, ते देवापुढे आणि आवश्यक तेथे माणसांपुढे कबूल करणे, ते सोडून देणे आणि देवाकडे वळून नव्या रीतीने जगू लागणे, असा या संकल्पनेचा व्यापक अर्थ आहे. अपराधीपणाची टोचणी किंवा शिक्षेच्या भीतीने वाटणारी हळहळ एवढ्यालाच ख्रिस्ती परंपरेत खरा पश्चात्ताप म्हटले जात नाही. जीवनाची दिशा बदलणे हा त्याचा गाभा मानला जातो आणि ती बदलली की नाही हे पुढील आचरणावरून ओळखावे, अशी शिकवण नव्या करारात वारंवार आढळते.

पश्चात्ताप आवश्यक आहे याविषयी सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांचे एकमत आहे. तो एकदाच करावयाचा की आयुष्यभर, केवळ देवापुढे की धर्मगुरूसमोरही, तो माणसाचा प्रयत्न आहे की देवाची देणगी, आणि पापक्षमेत माणसाच्या कृतीचा वाटा किती, या प्रश्नांवर मात्र त्यांच्यात मतभेद आहेत. तिसऱ्या शतकातील नोव्हेशियन फूट आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा या ख्रिस्ती इतिहासातील दोन मोठ्या घटनांच्या मुळाशी हेच प्रश्न होते.

शब्द आणि अर्थ

मराठीतील 'पश्चात्ताप' हा शब्द संस्कृतातून आला आहे. 'पश्चात्' म्हणजे नंतर आणि 'ताप' म्हणजे दाह किंवा दुःख. कृत्य घडून गेल्यावर मनाला होणारा जाळ, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. बायबलच्या मूळ भाषांतील शब्दांचा रोख याहून थोडा वेगळा आहे.

हिब्रू बायबलमध्ये या संदर्भात मुख्यतः 'शूव' हे क्रियापद येते. वळणे, परत फिरणे, परत येणे हा त्याचा साधा अर्थ आहे. वाट चुकलेल्या प्रवाशाने मागे फिरावे, तसे माणसाने देवाकडे परत यावे, ही कल्पना त्यात आहे. यापासून बनलेला 'तेशुवा' हा शब्द पुढे यहुदी धर्मपरंपरेत पश्चात्तापासाठी रूढ झाला. 'नाखम' हे दुसरे क्रियापद खेद वाटणे किंवा मन बदलणे या अर्थाने येते.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यातील प्रमुख शब्द 'मेटानोइया' हा आहे. मन, बुद्धी किंवा विचारसरणी यांत झालेला बदल असा त्याचा अर्थ आहे. याशिवाय 'एपिस्त्रेफो' म्हणजे वळणे आणि 'मेटामेलोमाइ' म्हणजे मागाहून वाईट वाटणे ही क्रियापदेही येतात. मत्तयकृत शुभवर्तमानात येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या मनःस्थितीसाठी 'मेटानोइया' न वापरता 'मेटामेलोमाइ' वापरले आहे, याकडे अनेक भाष्यकार लक्ष वेधतात.

लॅटिन भाषेत या संकल्पनेसाठी 'पेनितेन्तिया' हा शब्द रूढ झाला. अंतःकरणातील खेद आणि पापाबद्दल स्वीकारलेली शिक्षा किंवा प्रायश्चित्त हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले. या दुहेरी अर्थाचे दूरगामी परिणाम पश्चिम युरोपच्या धार्मिक इतिहासावर झाले.

जुन्या करारातील पश्चात्ताप

प्राचीन इस्राएलमध्ये पश्चात्तापाची बाह्य चिन्हे ठरलेली होती. उपवास करणे, गोणपाट नेसणे, डोक्यावर राख घालणे, वस्त्रे फाडणे यांचे उल्लेख जुन्या करारात अनेक ठिकाणी येतात. संदेष्ट्यांनी या चिन्हांना विरोध केला नाही; परंतु आतून बदल नसेल तर ती व्यर्थ आहेत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. योएल संदेष्टा वस्त्रांऐवजी हृदय विदीर्ण करण्यास सांगतो. यशयाच्या पुस्तकात भुकेल्याला अन्न न देणारा आणि मजुरांना पिळणारा उपवास देवाला मान्य नसल्याचे म्हटले आहे. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात पित्याच्या पापाचा भार पुत्रावर येत नाही आणि दुर्जन आपल्या मार्गापासून वळला तर तो जगेल, असे प्रतिपादन आहे. योनाच्या पुस्तकात निनवे हे परकीय नगर संदेष्ट्याच्या इशाऱ्यावर पश्चात्ताप करते आणि वाचते.

मोशेच्या नियमशास्त्रात पश्चात्तापाची आर्थिक बाजूही स्पष्ट केली आहे. लेवीय व गणना या पुस्तकांतील नियमांनुसार, ज्याने दुसऱ्याला फसवले किंवा लुबाडले त्याने ती वस्तू मूळ मालकाला पूर्ण परत करावी, शिवाय तिच्या मोलाचा एकपंचमांश अधिक द्यावा आणि मग देवापुढे अर्पण आणावे. अर्पणाने भरपाईची जागा घेतली जात नसे.

व्यक्तिगत पश्चात्तापाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दावीद राजाचे आहे. त्याने बथशेबेशी व्यभिचार केला आणि तिचा पती उरीया याला युद्धात मारले जाईल अशी व्यवस्था केली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील कथेनुसार, नाथान संदेष्ट्याने राजाला एका श्रीमंत माणसाची गोष्ट सांगितली. त्याने स्वतःचे कळप शाबूत ठेवून गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली होती. संतापलेल्या दाविदाने त्या माणसाला दोषी ठरवताच, तो माणूस तूच आहेस, असे नाथानाने सांगितले. दाविदाने सबब न सांगता पाप कबूल केले. त्याला क्षमा मिळाली. परंतु कृत्याचे सर्व परिणाम टळले नाहीत. स्तोत्रसंहितेतील ५१ वे स्तोत्र परंपरेने या प्रसंगाशी जोडले जाते. ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३ या सात स्तोत्रांना ख्रिस्ती परंपरेत 'पश्चात्तापाची स्तोत्रे' म्हणतात.

नव्या करारातील पश्चात्ताप

बाप्तिस्मा करणारा योहान

नव्या करारात पश्चात्तापाची हाक प्रथम बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी येते. यार्देन नदीकाठी तो लोकांना पापांची कबुली देऊन बाप्तिस्मा घेण्यास सांगत असे. लूककृत शुभवर्तमानानुसार, पश्चात्तापाला शोभेल असे फळ द्या, अब्राहामाचे वंशज असण्याच्या भरवशावर राहू नका, अशी त्याची ताकीद होती. नेमके काय करावे, असे लोकांनी विचारल्यावर त्याने दिलेली उत्तरे अगदी व्यावहारिक आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसुली करू नये, शिपायांनी दमदाटी करून पैसे उकळू नयेत. आपला व्यवसाय सोडावा, असे तो जकातदाराला किंवा शिपायाला सांगत नाही. त्या व्यवसायातील अन्याय सोडण्यास सांगतो.

येशूची शिकवण

मार्ककृत शुभवर्तमानानुसार येशूच्या प्रचाराचा आरंभही पश्चात्तापाच्या हाकेने होतो. देवाचे राज्य जवळ आले आहे ही सुवार्ता तिचे कारण म्हणून सांगितली आहे. त्यामुळे येथे पश्चात्तापाला आनंदाच्या निमंत्रणाचे स्वरूप येते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील तीन दाखल्यांत हे विशेष दिसते. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला पुत्र या तिन्ही कथांचा शेवट उत्सवात होतो. तिसऱ्या दाखल्यात धाकटा मुलगा वडिलांची संपत्ती उधळून डुकरे राखण्याच्या स्थितीला येतो, भानावर येतो आणि घराकडे निघतो. तो दूर असतानाच वडील त्याला पाहून धावत जातात. मुलाने मनात योजलेली कबुली पुरी होण्याआधीच मेजवानीची आज्ञा होते. थोरला मुलगा मात्र रागावून बाहेर थांबतो. घर कधीही न सोडणाऱ्यालाही पश्चात्तापाची गरज असू शकते, असा या भागाचा अर्थ लावला जातो. परूशी व जकातदार यांच्या दाखल्यातही स्वतःच्या धार्मिकतेची यादी वाचणाऱ्याऐवजी दूर उभा राहून दया मागणारा नीतिमान ठरतो.

यरीहोतील श्रीमंत जकातदार जक्कय याची कथा पश्चात्तापाच्या फळाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. येशू त्याच्या घरी उतरल्यावर, आपली अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे आणि कोणाला लुबाडले असल्यास चौपट परत करण्याचे तो जाहीर करतो. चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी मोशेच्या नियमशास्त्रात चौपट भरपाई सांगितली आहे. जक्कय स्वतःहून चोरीचीच कडक तरतूद स्वतःला लावून घेतो. या कथेत येशूचे आगमन आधी आणि जक्कयाचा बदल नंतर येतो. क्षमा ही भरपाईची मजुरी नाही, भरपाई ही स्वीकारले गेल्याची परिणती आहे, असे प्रतिपादन करताना धर्मपंडित या क्रमाचा आधार घेतात.

पेत्र आणि यहूदा

खरा पश्चात्ताप आणि निव्वळ पस्तावा यांतील भेद दाखवण्यासाठी ख्रिस्ती लेखक पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांची तुलना करतात. दोघेही येशूचे निकटचे शिष्य होते आणि दोघांनीही त्याच्या अटकेच्या रात्री त्याला दगा दिला. पेत्राने त्याला तीनदा नाकारले आणि कोंबडा आरवल्यावर तो अत्यंत दुःखाने रडला. यहूदाने चांदीची तीस नाणी घेऊन त्याला शत्रूंच्या हाती दिले; मागाहून आपण निर्दोष माणसाचा घात केल्याचे त्याने याजकांपुढे कबूल केले, नाणी मंदिरात फेकली आणि आत्महत्या केली.

यहूदाला दुःख झाले होते, त्याने कबुली दिली होती आणि पैसेही परत केले होते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने आपल्या भाष्यात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. खेद, कबुली आणि भरपाई एवढ्यानेच पश्चात्ताप पूर्ण होत असेल तर यहूदाच्या ठायी काहीच उणे नव्हते, असा त्याचा युक्तिवाद होता. यहूदाला क्षमेची आशा नव्हती. त्याचा पस्तावा त्याला देवाकडे न नेता निराशेकडे घेऊन गेला. पेत्र मात्र शिष्यांमध्ये राहिला. योहानकृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्याला प्रीतीविषयी तीनदा विचारतो आणि आपली मेंढरे राखण्याचे काम सोपवतो. तीन नकारांना तीन कबुलींनी उत्तर मिळते, असे या प्रसंगाचे परंपरागत स्पष्टीकरण आहे.

पौलाची मांडणी

प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन प्रकारच्या दुःखांत भेद केला आहे. देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख तारणाकडे नेणारा पश्चात्ताप घडवते, तर जगाचे दुःख मरणाकडे नेते. पहिल्या दुःखात दुसऱ्याच्या झालेल्या हानीची जाणीव असते; दुसऱ्यात पकडले गेल्याची, अब्रू गेल्याची किंवा लाभ बुडाल्याची खंत असते, असे त्याचे विवरण पुढील लेखकांनी केले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल देवाचा चांगुलपणा माणसाला पश्चात्तापाकडे नेतो असे म्हणतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पश्चात्ताप ही देवाने दिलेली देणगी असल्याचाही उल्लेख आहे.

ऐतिहासिक विकास

आद्य मंडळी

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा हाच पश्चात्तापाचा आणि पापक्षमेचा मुख्य संस्कार होता. बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडले तर काय, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. दुसऱ्या शतकातील 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात बाप्तिस्म्यानंतर आणखी एकदा पश्चात्तापाची संधी असल्याचे सांगितले आहे. कार्थेजचा लेखक तर्तुलियन याने या दुसऱ्या संधीला, जहाज फुटल्यावर बुडणाऱ्याने धरलेल्या फळीची उपमा दिली. पुढे अधिक कठोर मताकडे वळल्यावर त्याने व्यभिचारासारख्या पापांची क्षमा करण्याचा मंडळीचा अधिकार नाकारला.

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याच्या आज्ञेने सर्वांना देवतांना बली देण्याची सक्ती झाली. अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बली दिले किंवा दिल्याची प्रमाणपत्रे मिळवली. छळ ओसरल्यावर त्यांपैकी बहुतेकांना मंडळीत परतायचे होते. रोममधील नोव्हेशियन याने अशांना पुन्हा घेण्यास विरोध केला आणि २५१ मध्ये वेगळा गट स्थापन केला. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांनी दीर्घ प्रायश्चित्तानंतर परतीचा मार्ग खुला ठेवला. ख्रिस्ती मंडळी म्हणजे केवळ न पडलेल्यांचा समूह की पडून उठलेल्यांचाही, हा या वादाचा मध्यवर्ती प्रश्न होता. मुख्य प्रवाहाने दुसरा पर्याय स्वीकारला.

या काळातील प्रायश्चित्त सार्वजनिक, दीर्घ आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळणारे असे. प्रायश्चित्त करणारे उपासनेत वेगळे उभे राहत आणि त्यांना प्रभुभोजनात भाग घेता येत नसे. सत्ताधीशही यातून सुटत नसत. ३९० मध्ये थेस्सलोनिका येथील दंगलीत एक सेनाधिकारी मारला गेल्यावर सम्राट थिओडोसियस पहिला याच्या सैन्याने तेथील नागरिकांची कत्तल केली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून दाविदाचे उदाहरण दिले आणि पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजन देण्यास नकार दिला. सम्राटाने राजचिन्हे उतरवून चर्चमध्ये सर्वांसमक्ष प्रायश्चित्त केले.

अँब्रोजकडूनच बाप्तिस्मा घेतलेल्या हिप्पोच्या ऑगस्टीनचा 'कन्फेशन्स' हा ग्रंथ पश्चात्तापाच्या आत्मपरीक्षणात्मक साहित्याचा आरंभबिंदू मानला जातो. त्याचा चरित्रकार पोसिडियस याच्या माहितीनुसार, ४३० मध्ये अंतकाळी ऑगस्टीनने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून आपल्या खोलीच्या भिंतीवर लावून घेतली होती.

मध्ययुग

सहाव्या शतकापासून आयर्लंडमधील मठांतून वेगळी पद्धत पुढे आली. तीत पापनिवेदन खासगी असे आणि ते कितीही वेळा करता येई. कोणत्या पापाला किती दिवसांचा उपवास किंवा कोणते प्रायश्चित्त, हे सांगणाऱ्या पुस्तिका धर्मगुरूंसाठी तयार झाल्या. कोलंबानस व इतर आयरिश संन्याशांनी ही पद्धत युरोपात नेली. ५८९ मधील टोलेडोच्या तिसऱ्या परिषदेने वारंवार क्षमा देण्याच्या प्रथेचा निषेध केला, तरी कालांतराने तीच सर्वत्र रूढ झाली. १२१५ मधील चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम केला.

बाराव्या शतकात पीटर लोंबार्ड याने पश्चात्तापाची तीन अंगे सांगितली: अंतःकरणाचा खेद, मुखाने कबुली आणि कृतीने भरपाई. देवावरील प्रीतीतून आलेला खेद पूर्ण आणि शिक्षेच्या भीतीतून आलेला खेद अपूर्ण, असा भेदही मध्ययुगीन पंडितांनी केला. याच काळात पापाची क्षमा झाल्यावर उरणारी ऐहिक शिक्षा माफ करणारी दंडमाफीची पद्धत विकसित झाली. पंधराव्या व सोळाव्या शतकांत तिच्या पत्रांचा व्यापार सुरू झाला. मराठी इतिहासग्रंथांत यांना सामान्यतः पापमुक्तिपत्रे म्हणतात.

धर्मसुधारणा

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर याने पापमुक्तिपत्रांविरुद्ध ९५ प्रबंध मांडले. ख्रिस्ती माणसाचे संपूर्ण जीवनच पश्चात्तापाचे असावे, असा पहिल्या प्रबंधाचा आशय आहे. त्याआधीच्या वर्षी इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला होता. 'मेटानोइया' म्हणजे प्रायश्चित्ताची कृत्ये नव्हेत, तर अंतःकरणाचा बदल, हे उमगल्यावर पूर्वी कडू वाटणारा हा शब्द आपल्याला गोड वाटू लागला, असे ल्यूथरने १५१८ मध्ये आपले मार्गदर्शक योहान श्टाउपिट्झ यांना कळवले.

१५३० च्या ऑग्सबर्ग निवेदनात पश्चात्तापाचे दोन भाग सांगितले आहेत: पापाच्या जाणिवेने होणारी भीती आणि क्षमेवरील विश्वास, सत्कर्मे ही त्यांची फळे होत. कॅल्विनने पश्चात्ताप हा विश्वासातून उत्पन्न होतो असे मानले. जुन्या स्वभावाचे मरण आणि नव्या जीवनाचा उदय ही त्याची दोन अंगे असून ती आयुष्यभर चालतात, असे त्याने लिहिले. कॅथलिक चर्चने १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेच्या चौदाव्या सत्रात पश्चात्ताप हा ख्रिस्ताने स्थापन केलेला संस्कार असल्याचे आणि खेद, कबुली व भरपाई ही त्याची आवश्यक अंगे असल्याचे पुन्हा जाहीर केले.

पंथनिहाय दृष्टिकोन

कॅथलिक चर्चमध्ये प्रायश्चित्त किंवा समेट हा सात संस्कारांपैकी एक आहे. पश्चात्ताप करणारा धर्मगुरूसमोर पापनिवेदन करतो, धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतो आणि क्षमेचे वचन उच्चारतो. पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही परिस्थितीत उघड न करण्याचे बंधन धर्मगुरूवर असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ मध्ये या संस्काराचा नवा विधी प्रसिद्ध झाला. त्यात देवाबरोबरच मंडळीशी होणाऱ्या समेटावर भर आहे.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत पाप हे मुख्यतः आजार आणि पश्चात्ताप हे उपचार म्हणून पाहिले जाते. पापनिवेदन ख्रिस्ताच्या प्रतिमेपुढे होते आणि धर्मगुरू शेजारी साक्षीदार म्हणून उभा राहतो. सातव्या शतकातील संन्यासी जॉन क्लायमॅकस याने पश्चात्तापाच्या शोकात दडलेल्या आनंदाचे वर्णन केले आहे. महाउपवासाच्या आरंभी 'क्षमेच्या रविवारी' उपासक एकमेकांची क्षमा मागतात. क्रीटच्या अँड्र्यूने रचलेले दीर्घ पश्चात्तापगीत उपवासकाळात गायले जाते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत पापाची कबुली प्रामुख्याने थेट देवापुढे दिली जाते. अनेक मंडळ्यांच्या उपासनेत सामुदायिक कबुलीची प्रार्थना असते. ल्यूथरन व अँग्लिकन परंपरांत खासगी पापनिवेदनाचीही सोय आहे. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने पश्चात्तापाला धर्माची ओसरी, विश्वासाला दार आणि पावित्र्याला प्रत्यक्ष घर मानले. विश्वास ठेवलेल्यांनाही पुन्हा पश्चात्ताप करावा लागतो, यावर त्याने स्वतंत्र प्रवचन लिहिले. सुवार्तिक व पेंटेकॉस्टल मंडळ्यांत पश्चात्ताप हा नव्या जन्माचा निर्णायक क्षण म्हणून विशेष महत्त्वाचा असतो.

सामूहिक पश्चात्ताप

विसाव्या शतकात चर्चने संस्था म्हणून पश्चात्ताप करावा का, हा प्रश्न पुढे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतील इव्हँजेलिकल चर्चच्या नेत्यांनी स्टुटगार्ट येथे आपल्या दोषाची कबुली देणारे निवेदन केले. मार्टिन निमोलर हे त्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. त्यात ज्यूंच्या संहाराचा स्पष्ट उल्लेख नसल्याबद्दल पुढे टीका झाली. नोव्हेंबर १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रस्टनबर्ग येथील परिषदेत धर्मपंडित विली योंकर यांनी वर्णभेदातील स्वतःच्या व डच रिफॉर्म्ड चर्चच्या दोषाची कबुली दिली आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती स्वीकारली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या सदस्यांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली.

मराठी ख्रिस्ती परंपरेत

विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर मिशनने १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. मराठीत या विषयाभोवती अनेक शब्द आहेत. प्रचलित मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' हाच शब्द रूढ आहे. 'अनुताप' हा वारकरी संतवाङ्मयातही येणारा शब्द अर्थाने त्याच्या जवळचा आहे. धर्मशास्त्रातून आलेला 'प्रायश्चित्त' हा शब्द दोषनिवारणासाठी ठरवून दिलेल्या विधीचा बोध करतो, तर 'मनपरिवर्तन' हा शब्द ग्रीक 'मेटानोइया'च्या अर्थाशी अधिक जुळतो. कोणता शब्द निवडला जातो यावर भर दुःखावर, विधीवर की बदलावर, हे ठरते.

पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्ताचा प्रत्यक्ष अनुभव मात्र काही वर्षांनी आला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. १९०५ मध्ये त्यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये आध्यात्मिक जागृतीची लाट आली. तेथील मुली व स्त्रिया रडून पापांची कबुली देत आणि दीर्घकाळ प्रार्थना करीत. पेंटेकॉस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते. सामान्य वाचकांना समजेल अशा मराठीत रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वसई, मुंबई आणि गोवा येथील कॅथलिक समाजात राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा आरंभ होतो. कोंकणीत पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात. गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन परंपरेतून आलेल्या या मिरवणुकीला प्रायश्चित्ताची मिरवणूक असेही म्हणतात.

टीका आणि चर्चा

पश्चात्तापाच्या शिकवणीवर दोन विरुद्ध बाजूंनी आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, पापावर सतत दिलेला भर माणसात अकारण अपराधीपणा आणि स्वतःविषयी तिरस्कार निर्माण करतो. यावर ख्रिस्ती लेखकांचे उत्तर असे असते की, क्षमेच्या आशेशिवाय असलेली अपराधभावना हा पश्चात्ताप नव्हे. यहूदाची कथा हाच इशारा देते. लहानसहान दोषांविषयी सतत छळणाऱ्या शंकेखोर वृत्तीला कॅथलिक धर्ममार्गदर्शकांनीही आध्यात्मिक व्याधी मानले आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. क्षमा सहज मिळत असेल तर पश्चात्ताप ही पुन्हा पाप करण्याची मोकळीक ठरते. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिष्यत्वावरील ग्रंथात, पश्चात्तापाविना दिल्या जाणाऱ्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले. अशी कृपा पाप्याऐवजी पापालाच निर्दोष ठरवते, अशी त्याची टीका होती.

अलीकडच्या चर्चेत अन्याय सोसणाऱ्या व्यक्तीचे स्थान हा मुद्दा महत्त्वाचा ठरला आहे. अपराध्याने देवाची क्षमा मागितली एवढ्यावरून पीडितावर क्षमा करण्याचा दबाव आणणे, किंवा गुन्हा कायद्यापासून लपवणे, याला पश्चात्ताप म्हणता येणार नाही, असे मत चर्चमधील अत्याचारांची प्रकरणे उघड झाल्यावर अनेक धर्मपंडितांनी मांडले. या मताला बायबलमध्ये आधार आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू वेदीपुढे अर्पण घेऊन आलेल्याला, भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवल्यास अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करण्यास सांगतो. लेवीयातील भरपाईचा नियम, योहानाने जकातदारांना दिलेले उत्तर आणि जक्कयाची चौपट परतफेड यांचा रोखही तोच आहे. या दृष्टीने पाहता देवाकडे वळणे आणि ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे वळणे या दोन वेगळ्या वाटा नाहीत, आणि दुसरी टाळून पहिली पूर्ण करता येत नाही.